एकरभर पऱ्हाटीत सिलिंडर किती?

बालमित्रांनो, फेब्रुवारी महिन्यात अकोटहून अंजनगावकडे जाणाऱ्या एस. टी.त खिडकीजवळची जागा मिळाली, तर बाहेर नीट पाहा. तूर निघालेली असते, हरभरा घाट्यांवर असतो आणि मधूनमधून लागतात ती कापसाची वावरं. पण आता त्यांत कापूस नसतो. असतात नुसत्या तपकिरी, वाळक्या, कमरेएवढ्या काड्या. बोंडं फुटून रिकामी झालेली, पानं गळून गेलेली. दिवाळीच्या सुमारास जिचं ‘पांढरं सोनं’ म्हणून एवढं कौतुक झालं, तीच ही पऱ्हाटी! (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, वऱ्हाडात कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात आणि कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या काड्यांनाही पऱ्हाटीच म्हणतात.)

एखाद्या वावरात बायका-माणसं लोखंडी चिमट्याने ही पऱ्हाटी उपटताना दिसतील. पलीकडच्या वावरात तिचा ढीग करून काडी लावलेली असेल आणि धूर थेट रस्त्यावर येत असेल. गाव लागलं की घरांच्या मागे, गोठ्याच्या भिंतीला टेकून पऱ्हाटीच्या गंज्या रचलेल्या दिसतील. वावरात जाळणाऱ्याला गावातली एखादी आजी हटकून म्हणेल, “काय बाप्पा, वावरातच जायून टाकता काय? वर्साचं जयतन हाय ते!”

जयतन म्हणजे जळतण, सरपण. आजीचं म्हणणं खरं किती? चला, हिशेबच करू या. वही-पेन्सिल घ्या.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिला एक किलोकॅलरी म्हणतात. चांगली वाळलेली एक किलो पऱ्हाटी पूर्ण जळली, तर सुमारे 3,800 किलोकॅलरी उष्णता देते. स्वयंपाकाचा गॅस किलोला सुमारे 11,000 किलोकॅलरी देतो. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस भरलेला असतो 14.2 किलो. म्हणजे एका सिलिंडरमध्ये झाल्या दीड लाखाहून थोड्या जास्त किलोकॅलरी. तेवढीच उष्णता पऱ्हाटीतून हवी असेल, तर पऱ्हाटी लागेल 41 किलो.

आता एकरी पऱ्हाटी किती निघते? कोरडवाहू की ओलिताची, जमीन भारी की हलकी, यावर ते ठरतं. पण हेक्टरी 2 ते 3 टन, म्हणजे एकरी 8 ते 12 क्विंटल, असं ढोबळमानाने धरतात. आपण 10 क्विंटल धरू. 1,000 भागिले 41. उत्तर आलं 24!

एका एकरातल्या काडीकचऱ्यात 24 सिलिंडरांची उष्णता! आजीचं ‘वर्साचं जयतन’ अगदी खरं निघालं की नाही? उलट आजीने कमीच सांगितलं म्हणायचं.

पण थांबा. आजीची गंजी तर दिवाळीच्या आधीच संपते. मग 24 सिलिंडर गेले कुठे?

ते गेले धुराड्यातून, आणि धुराडं नसेल तर आजीच्या डोळ्यांत. साध्या तीन दगडांच्या किंवा मातीच्या चुलीत जाळ भांड्याच्या बाजूने निघून जातो, अर्धवट जळालेला वायू धूर होऊन वर जातो, चुलीच्या भिंती तापतात. शंभर भाग उष्णतेतले जेमतेम 10 ते 15 भाग भांड्यातल्या वरणापर्यंत पोचतात. गॅसच्या शेगडीवर 60 च्या आसपास पोचतात. आता हिशेब पुन्हा केला, तर आजीच्या चुलीवर एकरभर पऱ्हाटीचे सिलिंडर उरतात फक्त 5. बाकीच्या 19 सिलिंडरांचा धूर झाला. म्हणजे उष्णता पऱ्हाटीत आहे, पण ती कामाला लावायची रीत चुकते आहे.

आणि उष्णता काय फक्त स्वयंपाकालाच लागते? सोयाबीनचं तेल काढणाऱ्या कारखान्याला वाफ लागते. कापड रंगवायचं, धुवायचं, वाळवायचं, तर गरम पाणी आणि वाफ लागते. अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे कारखाने आहेत. शिवाय अमरावतीला केंद्र सरकारचं ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग उद्यान मंजूर झालं असून 20 सप्टेंबर 2024 रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून त्याची पायाभरणी झाली. एवढ्या कापडाला वाफ कुठून यायची? बहुतेक ठिकाणी बॉयलरखाली कोळसा जळतो. पण ज्या झाडाचा कापूस तिथे येणार, त्याच झाडाची काडी बॉयलरखाली घातली तर? पऱ्हाटीने जून ते जानेवारी हवेतूनच कार्बन घेतला, तोच जळताना परत हवेत जातो. कोळशातला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीत गाडला गेलेला. तो आपण उकरून नव्याने हवेत सोडतो. राखेतही फरक आहे. आपल्याकडच्या वीज केंद्रांतल्या कोळशात शंभरात 30 ते 40 भाग राखच असते, तर स्वच्छ पऱ्हाटीत 3 ते 5 भाग.

ऐकायला किती छान वाटतं! मग सगळे कारखाने पऱ्हाटीवर चालत का नाहीत?

ट्रक भरला, पण वजन कुठे आहे?

याचं उत्तर तुम्ही अंगणात शोधू शकता. एक बादली घ्या. तिच्यात पऱ्हाटीच्या काड्या मोडून भरा आणि बादलीचं वजन करा. मग त्याच बादलीत सुताराकडचा लाकडाचा भुसा दाबून भरा आणि पुन्हा वजन करा. काड्यांच्या बादलीत काड्या कमी आणि हवाच जास्त, हे लगेच कळेल.

पऱ्हाटी वेडीवाकडी, फाटे फुटलेली, काटक्यांची. एक घनमीटर जागेत ती 40 किलोच्या आसपासच मावते. ज्या ट्रकमध्ये 9 टन माल जायला हवा, त्याच्यात पऱ्हाटी उंचच उंच रचली, तरी सव्वा-दीड टनांवर जात नाही. डिझेल मात्र जवळजवळ तेवढंच लागतं. आणि डिझेलने वाहिलेली हवा विकत कोण घेणार?

म्हणून पहिलं काम म्हणजे वावराच्या धुऱ्यावरच पऱ्हाटीचे बारीक तुकडे करायचे. ट्रॅक्टरला जोडलेलं तुकडे करणारं यंत्र येतं. तुकडे केले की त्याच घनमीटरमध्ये दीडशे किलोपर्यंत माल बसतो. तो वाळवायचा. त्यात शंभराला 10-12 भागांपेक्षा जास्त पाणी राहता कामा नये. मग भुगा करून तो दट्ट्याच्या यंत्रात घालायचा. लोखंडी दट्ट्या एवढ्या जोराने दाबतो की भुगा तापतो, आणि मग एक गंमत होते. लाकडात लिग्निन नावाचा पदार्थ असतो. झाडाला ताठ उभं ठेवणारा, तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवणारा. तापल्यावर तो मऊ होतो आणि डिंकासारखा भुग्याला चिकटवतो. वरून डिंक नको, मळी नको, काही नको! यंत्रातून मनगटापेक्षा जाड, गुळगुळीत कांडं बाहेर पडतं. कारखानदार त्याला ‘पांढरा कोळसा’ म्हणतात, रंग तपकिरी असला तरी. हेच कांडं बोटापेक्षा बारीक केलं तर ती गोळी, म्हणजे पेलेट.

पांढऱ्या कोळशाचा तुकडा मिळाला तर पाण्यात टाकून पाहा. पऱ्हाटीची काडी तरंगते, कांडं बुडतं. (काढायची घाई करा, बरं का! थोड्या वेळात ते भिजून फुगतं आणि पुन्हा भुगा होतो. म्हणूनच हा माल पावसाळ्यात पक्क्या छताखालीच ठेवावा लागतो.)

पऱ्हाटीचं काय करता येईल, यावर आपल्याकडे बरीच वर्षं संशोधन चालू आहे. मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. 1924 साली सुरू झालेली. तिला थोडक्यात सिरकॉट म्हणतात. तिचं एक केंद्र नागपूरला आहे. या शास्त्रज्ञांनी पऱ्हाटीपासून फर्निचरच्या फळ्या, पांढरा कोळसा आणि पेलेट करून दाखवले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात तर अपारंपरिक ऊर्जेचा एक स्वतंत्र विभागच आहे. कधी सहल गेली तर तो जरूर पाहा.

आता बॉयलरचा हिशेब. एक किलो पांढऱ्या कोळशावर साधारण 4 किलो वाफ होते. तासाला 2 टन वाफ करणारा लहान बॉयलर दिवसाला 10 तास चालला, तर त्याला 5 टन माल लागेल. म्हणजे रोज 5 एकरांची पऱ्हाटी. वर्षाचे 300 दिवस धरले तर 1,500 एकर. कापसाच्या मुलखात दोन-तीन गावांच्या शिवारात एवढी कपाशी सहज असते. म्हणजे जमण्यासारखं आहे!

आणि मोठं काम घेतलं तर? अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यात पारसचं वीज केंद्र आहे. 250 मेगावॅटचे दोन संच. एक युनिट विजेला साधारण पाऊण किलो कोळसा लागतो, असं धरा. दोन्ही संच पूर्ण भाराने चालले, तर दिवसाला 9,000 टन कोळसा! ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने धोरण ठरवलं, की कोळशाच्या वीज केंद्रांनी कोळशात निदान 5 टक्के शेतीच्या काडीकचऱ्याचे पेलेट मिसळावेत. 9,000 चे 5 टक्के म्हणजे 450 टन. रोज 450 एकरांची पऱ्हाटी! वर्षाची झाली 1 लाख 64 हजार एकरांची. अकोला जिल्ह्यात कापूस लाख हेक्टरांहून जास्त असतो, म्हणजे अडीच लाख एकरांच्या वर. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा, कुठलीही चूल न पेटवता, एकट्या पारसला द्यायचा आणि तोही फक्त कोळशाचे 5 टक्के वाचवायला!

मला विचाराल तर पऱ्हाटीचं खरं गिऱ्हाईक गावाजवळचा लहान बॉयलर आहे. पारसला दुरून दुरून माल आणायचा, तर वाटेत जळणाऱ्या डिझेलचाही हिशेब मांडावा लागेल.

आणखी एक अडचण आहे, ती कॅलेंडरची. पऱ्हाटी निघते जानेवारी ते मार्च-एप्रिल, आणि कारखान्याला ती हवी असते बारा महिने. जूनच्या पहिल्या पावसाआधी वर्षाचा साठा झाकून ठेवायचा तर जागा हवी, छत हवं आणि तोवर अडकून पडणारा पैसाही हवा. चिमट्याने उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळांना काळी माती चिकटलेली असते. ती भट्टीत गेली की राखेतल्या क्षारांबरोबर वितळते आणि वीटभट्टीत होतो तसा खंगर तयार होतो. मग बॉयलर बंद करून तो फोडत बसा!

चंद्रज्योतीची गोष्ट

तुम्ही म्हणाल, एवढी यातायात कशाला? झाडांपासून सरळ डिझेलच का काढू नये? हेही झालंय, मित्रांनो. तुमच्या आई-बाबांना आठवत असेल. 2003 च्या सुमारास देशभर जट्रोफाची लाट आली होती. आपल्याकडे तिला मोगली एरंड म्हणतात, चंद्रज्योतही म्हणतात. पडीक जमिनीवर लावा, पाणी नको, गुरं तोंड लावत नाहीत, बियांच्या तेलापासून डिझेल मिळेल, असं सांगितलं जात होतं. 2009 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात तर 2017 पर्यंत डिझेलमध्ये 20 टक्के जैवडिझेल मिसळायचं उद्दिष्ट होतं. प्रत्यक्षात 1 टक्कासुद्धा गाठता आला नाही. पडीक जमिनीवर, पाण्यावाचून झाड जगतं खरं, पण बिया फार थोड्या देतं. ज्या जमिनीत भरपूर बिया येतील, त्या जमिनीत शेतकरी तूर नाही का लावणार?

ती झाडं अजून बऱ्याच ठिकाणी धुऱ्याला, शाळेच्या कुंपणाला उभी आहेत. त्यांच्या बिया चवीला बऱ्या लागतात, पण विषारी असतात. त्या खाऊन शाळकरी मुलांना उलट्या-जुलाब होऊन दवाखान्यात न्यावं लागल्याच्या बातम्या येतात. तेव्हा लक्षात ठेवा, चंद्रज्योतीची बी तोंडात टाकायची नाही. लहान भावंडांनाही सांगून ठेवा.

काडीपासून पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉलही करता येतं. हरियाणात पानिपतला 10 ऑगस्ट 2022 रोजी असा एक कारखाना सुरू झाला. वर्षाला 2 लाख टन भाताचं तणस घ्यायचं आणि 3 कोटी लिटर इथेनॉल काढायचं, असा त्याचा आराखडा. पऱ्हाटी मात्र तणसापेक्षा लाकडासारखी. ज्या लिग्निनने आपलं कांडं फुकटात चिकटवलं, तेच इथे आडवं येतं, साखर सुटू देत नाही. त्यामुळे पऱ्हाटीचं सोपं काम म्हणजे जळून उष्णता देणं, हेच.

गंजीत लपलेला पाहुणा

आता पुन्हा गावात येऊ या, आजीच्या गंजीजवळ. या गंजीत एक न बोलावलेला पाहुणा राहतो. गुलाबी बोंडअळी!

2017 च्या हंगामात या अळीने विदर्भात जो धुमाकूळ घातला, तो तुमच्या घरी कापूस असेल तर बाबांना आजही पाठ असेल. वरून बोंड हिरवंगार, आणि फोडलं तर आत किडकी कवडी. फुलं नीट उमलतच नव्हती, गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहत होती. त्यांना डोमकळ्या म्हणतात. ही अळी फक्त कपाशीवरच जगते म्हटलं तरी चालेल. मग कपाशी नसते तेव्हा, म्हणजे फेब्रुवारी ते जून, ती कुठे असते? न फुटलेल्या, वाळलेल्या बोंडांत आणि सरकीत झोपलेली असते! पऱ्हाटीची गंजी रचताना अशी कितीतरी बोंडं काड्यांबरोबर आत जातात. पाऊस पडला, नवीन कपाशी वर आली, की पतंग होऊन पाहुणा वावरात हजर.

म्हणून कृषी विभाग दरवर्षी सांगतो की फरदड घेऊ नका. म्हणजे हंगाम संपल्यावर आणखी दोन वेचण्यांच्या आशेने पाणी देऊन कपाशी उभी ठेवू नका. डिसेंबरअखेर वावर मोकळं करा, पऱ्हाटीच्या गंज्या रचून ठेवू नका. पण चुलीला दुसरं काही नसेल तर गंजी रचणार नाही तो माणूस काय करील? 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, घरोघर गॅसच्या शेगड्या आल्या. तरी सिलिंडर भरायचे पैसे हातात नसले की आई पुन्हा चुलीकडेच वळते.

इथे मात्र यंत्राचा खरा उपयोग आहे. पऱ्हाटीचे जानेवारीतच तुकडे झाले आणि भुगा होऊन ती दट्ट्याखाली गेली, तर बोंडातला पाहुणाही तिच्याबरोबर गेला. म्हणजे पांढऱ्या कोळशाचा एक फायदा बॉयलरमध्ये दिसतो आणि दुसरा पुढच्या हंगामात कपाशीवर.

आणि जमिनीचं काय? हा प्रश्न कुणी विचारला असेल तर त्याला शाबासकी! पऱ्हाटीत उष्णता आहे, तसं खतही आहे. वावरात जाळली की नत्र धुराबरोबर उडून जातं, मागे राखेत पालाश उरतं. कारखान्याला विकली तर पालाशसुद्धा जातं. बारीक तुकडे करून मातीत मिसळली किंवा कंपोस्ट केलं, तर काळ्या जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो आणि त्याची आपल्या जमिनीत वाण आहे. म्हणून सगळीच्या सगळी पऱ्हाटी कारखान्याला द्या, असं कुणी सांगू लागला तर त्याला बॉयलरची राख परत वावरात येणार का, हे आधी विचारा. हलक्या, उताराच्या जमिनीवर तर मी पऱ्हाटी तिथेच कुजू देईन.

राहिला एक हिशेब, आणि तो किलोकॅलरीत मांडता येत नाही.

अनेक गावांत रीत अशी आहे, की जो पऱ्हाटी उपटतो त्यानेच ती न्यायची. वावराच्या मालकाला गव्हासाठी नाहीतर तिळासाठी वावर मोकळं करून हवं असतं. ज्यांच्याकडे वावर नाही अशा घरातल्या बाया चिमटा घेऊन येतात, दिवसभर वाकून उपटतात आणि संध्याकाळी डोक्यावर भारा घेऊन जातात. मालकाचं वावर फुकटात मोकळं झालं, बाईच्या चुलीची सोय झाली. पैशाचा व्यवहार नाही, म्हणून पऱ्हाटीला किंमत नाही असं वाटतं.

उद्या गावात पांढऱ्या कोळशाचं यंत्र आलं, क्विंटलला भाव फुटला, की मालक म्हणेल, “आता पऱ्हाटी नेऊ नका बाई, गाडी येणार हाय.” तिच्या हातून सरपण गेलं. तिला उपटायची मजुरी मिळेल का? मिळालेल्या मजुरीत सिलिंडर भरता येईल का? यंत्रावर काम मिळेल का, आणि मिळालं तर वर्षाचे किती महिने? हे सगळं नीट झालं तर तिची चूल सुटेल, धूर सुटेल, डोक्यावरचा भाराही सुटेल. नाही झालं, तर कारखान्याचा कोळसा वाचेल आणि ती बाभळीच्या काटक्या गोळा करायला लांब नाल्याच्या काठाने जाईल. ‘टाकाऊ’ हा शब्द आपण फार पटकन वापरतो, पण पऱ्हाटी तिने कधीच टाकून दिलेली नव्हती.

तुमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन असतं ना? यंदा प्लॅस्टिकच्या ज्वालामुखीऐवजी हा प्रकल्प करून पाहा. कपाशीच्या वावराचा एक गुंठा मालकाला विचारून मोजून घ्या. त्यातली पऱ्हाटी मोठ्या माणसांच्या मदतीने उपटा आणि आठ दिवस उन्हात वाळवून तिचं वजन करा. 40 ने गुणलं की एकराचा आकडा मिळेल. न फुटलेली बोंडं वेगळी काढून मोजा, चार-पाच फोडून आत पाहुणा सापडतो का पाहा आणि सापडला तर बोंडं जाळून टाका. मग गावातल्या पाच घरी जाऊन विचारा, चुलीला रोज किती पऱ्हाटी लागते, ती कुठून येते आणि कोण आणतं.

वजन करताना मुळांची माती तेवढी झटकून घ्या. ती जळत नाही, पण काट्यावर मात्र भरते.